शिलोहाचा बुरूज आणि ओतूरचे बंद दार

चिरंजीवास घोडेगावहून आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, गेल्या रविवारच्या उपासनेनंतर नारायणगावच्या मंडळींकडून जी वार्ता घोडेगावास पोहोचली, ती खरी असेल तर फार काळजीची आहे, आणि खोटी असेल तर ती खोटी असल्याचे चिरंजीवाने दोन ओळींत कळवून थोरल्यांचा जीव भांड्यात पाडावा. वार्ता अशी की, मंचरच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चिरंजीवाने बंद केल्या आहेत, आठवड्यातील बरेच दिवस उपास धरले जात आहेत आणि ओतूरच्या घराचे दार दिवसाही आतून लावलेले असते. या साऱ्यामागे कोणा फिरत्या प्रार्थनाकर्त्याचे सांगणे आहे, असेही कानावर आले. सूनबाईंचा महामार्गावरील मृत्यू ही घरातल्या उण्या विश्वासाची शिक्षा होय, आणि ज्याचा विश्वास पुरा आहे त्याला औषध लागत नाही, असे त्याने सांगितल्याचे समजते. तो गृहस्थ कोण, याची चौकशी करण्याचा या पत्राचा हेतू नाही. त्याने पेरलेला विचार चिरंजीवाच्या मनात रुजू नये, एवढाच हेतू आहे.

संकट म्हणजे शिक्षाच, हा विचार जुना आहे, आणि प्रभू येशूसमोर तो स्पष्ट शब्दांत मांडला गेला तेव्हा प्रभूने तो तितक्याच स्पष्टपणे नाकारला. लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात यरुशलेमेतील शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे दगावल्याचा उल्लेख आहे. ती माणसे शहरातील इतरांपेक्षा अधिक दोषी होती काय, हा प्रश्न प्रभूने स्वतःच उपस्थित केला आणि त्याचे उत्तर नकारार्थी दिले. त्यापुढे पश्चात्तापाविषयी जे सांगितले, ते ऐकणाऱ्या सर्वांना सांगितले. मेलेल्यांचा न्याय करण्याची मुभा त्यातून कोणालाच मिळत नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनी हाच प्रश्न विचारला, की पाप त्याचे की त्याच्या आईबापांचे, आणि तेथेही प्रभूने दोन्ही पर्याय बाजूला सारले. ज्या प्रश्नाचे उत्तर प्रभूने दोनदा दिले आहे, त्याचे वेगळे उत्तर द्यायला ओतूरच्या ओट्यावर बसलेल्या कोणालाही अधिकार नाही.

आंबेगाव तालुक्याला तर शिलोहाचा बुरूज दुरून पाहावा लागत नाही. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी अतिवृष्टीने डोंगराचा कडा सुटला आणि माळीण गाव चिखलाखाली गेले. १५१ माणसे मृत्युमुखी पडली, आणि गाव जागेवर नाही हे बाहेरच्या जगाला प्रथम कळले ते त्या वाटेने गेलेल्या एसटीच्या चालक-वाहकांमुळे. जे वाचले, त्यांपैकी कित्येक जण केवळ त्या सकाळी गावाबाहेर होते म्हणून वाचले. डोंगरउतार, मुरलेले पाणी, उतारावरील बदललेली जमीन यांची चर्चा जाणकारांनी केली, आणि ती करणे योग्यच होते, कारण पुढची गावे त्यातून वाचू शकतात. परंतु मेलेले अधिक पापी आणि वाचलेले अधिक पुण्यवान, असे म्हणण्याचे धाडस या तालुक्यात ज्याने ते शव-शोधाचे दिवस पाहिले, तो कधीही करणार नाही. माळीणचे लोक ख्रिस्ती नव्हते. तरीही त्यांचे पुनर्वसन, म्हणजे उजाड झालेल्या वस्तीने दुसऱ्या जागी पुन्हा संसार मांडणे, चिरंजीवाने डोळ्यांसमोर ठेवावे. पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यात त्यांनी पावसाळे काढले, आमडे येथे बांधलेले नवे गाव एप्रिल २०१७ मध्ये त्यांच्या हाती आले, आणि मधल्या साऱ्या काळात खरिपाची पेरणी, लेकरांची शाळा व मेलेल्यांचे वर्षश्राद्ध ही तिन्ही कामे बरोबरच चालत राहिली. दुःख संपल्यावर जगणे सुरू होते, असा क्रम तेथे कोणालाच परवडला नाही. चिरंजीवालाही तो परवडणार नाही.

आता गोळ्यांविषयी. उदासीनता हा आजार आहे, म्हणजे झोप, भूक, विचार आणि हातपाय चालवण्याची इच्छा यांवर परिणाम करणारी शरीर-मनाची अवस्था आहे, आणि तिच्यावरील औषध डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय एकाएकी तोडल्याने जीव अधिक खाली जातो. औषध घेणे हा अविश्वास असता, तर पवित्र शास्त्रात त्याचा निषेध सापडला असता. सापडते ते उलटेच. हिज्कीया राजा मरणाच्या दारी असताना भिंतीकडे तोंड करून रडला, त्याची प्रार्थना ऐकली गेली, आणि त्याच प्रसंगी यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांचे पोटीस बांधावयास सांगितले. प्रार्थना ऐकली गेली म्हणून पोटीस अनावश्यक ठरले नाही, आणि पोटीस बांधले म्हणून प्रार्थना हलकी ठरली नाही. ज्या लूकाच्या शुभवर्तमानात शिलोहाचा बुरूज आहे, त्याला पौल आपला प्रिय वैद्य म्हणतो. एलीया संदेष्टा खचून झुडपाखाली पडला आणि आपला प्राण घ्यावा अशी विनवणी करू लागला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याचा चंबू उशाशी ठेवला, त्याला पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा उठवून खाऊ घातले. होरेब डोंगराची वाट आणि देवाचा मंद स्वर हे सारे त्या जेवणानंतरचे आहे. चिरंजीवाने मात्र क्रम उलटा लावला आहे: जेवण सोडले, झोप सोडली, गोळ्या सोडल्या, आणि देवाच्या स्वराची वाट पाहिली जात आहे.

उपास, म्हणजे प्रार्थनेसाठी अन्नाचा काही काळ केलेला त्याग, ही चांगली शिस्त आहे, परंतु ती धडधाकट देहाची शिस्त आहे. शोकाने वाळलेल्या माणसाने उपास धरावा आणि त्यातून मेलेल्या माणसाचा हिशेब चुकता करावा, ही शिकवण ख्रिस्ती नव्हे. वधस्तंभावर जो हिशेब एकदा चुकता झाला असे या घरात चार पिढ्या मानले गेले, तो पुन्हा भरण्याचा हा प्रयत्न होतो. आजोबांनी त्यांच्या उतारवयात ओतूरच्या ओसरीवर हीच गोष्ट लहानथोरांना कितीतरी वेळा समजावली होती, आणि चिरंजीव तेव्हा त्यांच्या मांडीवर असे.

आणखी एक गोष्ट बोलणे भाग आहे, आणि ती कठोर वाटली तरी सहन करावी. धाकटीला राहुरीस आजोळी ठेवून आता बरेच महिने झाले. सुरुवातीला ते योग्यच होते. परंतु आपल्या सहवासाने लेकराला शाप लागेल, असे चिरंजीव बोलल्याचे कळले, आणि त्या बोलण्याचा राग आल्याशिवाय राहिला नाही. आई गेलेल्या मुलीचा बापही एका अफवेपायी काढून घेणे, हे कोणत्या भक्तीत बसते? पंडिता रमाबाईंचे चरित्र या घरात सर्वांनी वाचले आहे. ते एकदा पुन्हा उघडावे. दुष्काळात आईवडील व थोरली बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती बिपिनबिहारी पटकीने गेले, तेव्हा रमाबाई चोविशीच्याही आत होत्या आणि मनोरमा एक वर्षाचीही नव्हती. विधवेचे नशीब हेच तिच्या पापाचे फळ, असे सांगणारा समाज भोवती होता. त्या तान्ह्या मुलीसह पुण्यास आल्या, त्याच वर्षी आर्य महिला समाज उभारला, मुलीसहच इंग्लंडला गेल्या आणि १८८३ मध्ये तेथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

बाप्तिस्म्यानेही सारे एका दिवसात स्थिर झाले नाही, हे रमाबाईंनी स्वतःच पुढे प्रांजळपणे नोंदवले आहे. धर्म स्वीकारल्यावरही ख्रिस्ताची खरी ओळख पटायला आणखी काही वर्षे गेली, असे त्यांनी लिहिले. मग विश्वास अजून पुरा नाही म्हणून चिरंजीवाने स्वतःला का छळावे? १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणलेल्या मुली केडगावास त्यांच्या मुक्ती मिशनात आल्या, तेव्हा त्यांना प्रथम अन्न, वस्त्र आणि शुश्रूषा मिळाली. नंतर शेत, विणकाम, छापखाना आला. आणि १९०५ च्या जूनमध्ये ज्या प्रार्थना-जागृतीसाठी, म्हणजे समूहाने पश्चात्ताप व स्तुती यांत भारावून जाण्यासाठी, मुक्ती मिशन जगभर ओळखले गेले, ती त्या भरल्या पोटांच्या आणि कामाला लागलेल्या हातांच्या घरात आली. १९२१ मध्ये मनोरमाही आईच्या हयातीतच गेली. रमाबाईंनी तरीही मराठी पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम हातून सोडले नाही, आणि पुढच्याच वर्षी, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्या स्वतः गेल्या. एवढ्या मृत्यूंच्या मालिकेला कोणी शिक्षा म्हणावयाचे असेल, तर त्याने आधी केडगावच्या त्या हजारो मुलींना विचारून पाहावे.

आत्या हे सारे पुस्तकातून सांगते, असे चिरंजीवास वाटू नये. घोडेगावचे घर जेव्हा पहिल्यांदा रिकामे झाले, त्या वर्षी आत्या तरुण होती आणि तिनेही दार लावून घेतले होते. आई जुन्नरहून एसटीने येई, ओट्यावर बसे, आतून उत्तर आले नाही तर डबा उंबऱ्याशी ठेवून परतीची गाडी पकडी. आपल्या दुःखाचा कोणाला त्रास नको, असे आत्या तेव्हा मनाशी म्हणत असे. आईला त्रास नको नव्हता, लेक हवी होती, हे कळले तोवर आईचे येणे थांबले होते. त्या ओट्यावर तिच्याशेजारी बसून एक स्तोत्र म्हणावयाचे राहिले, ते राहिलेच. आज ओतूरच्या बंद दाराची वार्ता ऐकून झोप लागत नाही, याचे कारण एवढेच आहे.

बिबट्याच्या भयाने ओतूरकडे तिन्हीसांजेला दारे लागतात, ते शहाणपणाचे आहे; परंतु दिवसा ती उघडी असावीत. चिरंजीव स्वतः कांदेवाला आहे आणि चाळीत कांदा कोंडला, हवा खेळती राहिली नाही, तर वरून धड दिसणारा ढीगही आतून सडतो, हे त्याला कोणी शिकवावयास नको. शोकाचेही तसेच आहे.

प्रार्थना सुचत नाही, शब्दच येत नाहीत, ही तक्रार चिरंजीवाने पाळकसाहेबांकडे केल्याचे समजले. त्यावर एवढेच सांगणे आहे की, स्तोत्रसंहितेतील सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. विलाप म्हणजे देवासमोर मांडलेले गाऱ्हाणे, त्याच्याशी तोंड न लपवता केलेले भांडण. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, त्याला शेवटी दिलाशाची ओळसुद्धा नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. ईयोबाने देवाशी वाद घातला आणि त्याच्या मित्रांनी देवाची बाजू घेऊन त्याला दोषी ठरवले; शेवटी देवाचा कोप झाला तो मित्रांवर. तेव्हा राग आला तर रागाची प्रार्थना करावी, आणि तीही जमत नसेल त्या दिवशी दुसऱ्यांना ती करू द्यावी. यालाच मध्यस्थी म्हणतात: ज्याच्या तोंडी शब्द उरले नाहीत, त्याच्या वतीने इतरांनी देवापुढे उभे राहणे. मंडळी असते ती याचसाठी. रविवारी मागच्या बाकावर नुसते बसून यावे; उपासना संगीताचे पुस्तक हातात धरले तरी पुरे, गाणे इतर गातील.

उपदेश पुष्कळ झाला, आणि त्यातील निम्मा चिरंजीवाला आधीच ठाऊक आहे. सूनबाई किती गुणाची होती, तिच्या हातची कडधान्याची आमटी, उपासनेला तिचा तो सर्वांच्या वरचा आवाज, हे घोडेगावातही कोणी विसरलेले नाही. तिच्यासाठी रडू येते त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नये. लाजराच्या कबरेशी प्रभूही रडला होता, आणि लाजर उठणार हे ठाऊक असूनही रडला होता. ती गेली यात चिरंजीवाचा काहीही दोष नाही. हे वाक्य पुन्हा वाचावे, आणि पटत नसले तरी उद्या सकाळी पुन्हा वाचावे.

येत्या शुक्रवारी आत्या सकाळच्या गाडीने ओतूरास येत आहे. मंचरच्या डॉक्टरांची जुनी चिठ्ठी शोधून ठेवावी. शनिवारी दोघांनी त्यांच्याकडे जाऊन, गोळ्या कशा पुन्हा सुरू करावयाच्या ते त्यांनाच विचारावे. राहुरीच्या व्याह्यांशी बोलणे झाले आहे; चिरंजीवाची तयारी असेल तर रविवारी धाकटीला आणता येईल, आणि तयारी नसेल तर तिला भेटून तरी येऊ. ती फोनवर रोज बाबांविषयी विचारते. आत्याला चार दिवस राहता येईल, आणि चिरंजीवाला हवे असेल तर त्याहूनही अधिक. बोलावेसे वाटले नाही तर बोलू नये. स्वयंपाक आत्या करील, जेवताना शेजारी बसेल, आणि रात्रीचे स्तोत्र तीच म्हणेल. चिरंजीवाने फक्त जेवावे आणि झोपावे.

तब्येतीस जपावे, फार जपावे. कळावे, लोभ आहेच, तो वाढण्याजोगाही आता उरलेला नाही.

आत्याचे अनंत आशीर्वाद.