बऱ्हाणपूरच्या उन्हातला हॅमस्टर

१. आधी खोली बघा, मग प्राणी. मे महिन्यात आमच्या बऱ्हाणपुरात पारा 44-45 गाठतो. ड्वार्फ हॅमस्टर कुठल्याही जातीचा असो, त्याला 18 ते 24 अंश मानवतात; तिशी ओलांडली की उष्माघाताची भीती. पंख्याचा त्याला काडीचा उपयोग नाही, कारण हॅमस्टरला घामच येत नाही. कूलर बरा, पण झोत थेट पिंजऱ्यावर नको, आणि वीज गेली की कूलरही गेला. आम्ही कुंभाराकडून लहान मडकी आणतो आणि भुशात आडवी ठेवतो. दुपारी त्याशेजारी गोठवलेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवायची. हॅमस्टर मडक्यात शिरतो, पोट मातीला टेकवून पसरतो आणि दिवे लागेपर्यंत हलत नाही. एवढं करूनही मेमध्ये दुपारचे चार तास एसीची खोली लागतेच. पत्र्याखाली राहणाऱ्यांनी हा नाद करू नये, हे मी स्पष्टच सांगते.

२. ‘वाळवंटातला आहे, ऊन सोसेल’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. हे बोललं जातं रोबोरोव्स्कीबद्दल. व्सेवोलोद रोबोरोव्स्की या रशियन प्रवाशाच्या नावाचा हा हॅमस्टर मंगोलिया आणि उत्तर चीनच्या रेताड मुलखातला. पण तो दिवसा बिळात असतो आणि रात्री बाहेर पडतो. जमिनीखाली किती फरक पडतो ते इथल्या भुयारी कुंडी भंडाऱ्यात उतरलेल्या माणसाला सांगायला नको. वर लू चालू असते आणि खाली अंगावर काटा येतो. रोबोला वाळवंट नको असतं, त्याखालचं बीळ हवं असतं. म्हणून त्याला वीतभर तरी खोल भुसा द्या. अंग घासायला रेतीही हवी: बारीक चाळलेली, धुतलेली, कढईत भाजून गार केलेली.

३. दुकानात सगळ्यांनाच ‘रशियन’ म्हणतात, त्यामुळे ओळख आपणच पटवायची. पाठीवर पट्टा नाही आणि डोळ्यांवर पांढऱ्या भुवया आहेत, तो रोबो. पाच सेंटिमीटरच्या आत-बाहेर, वजन वीस-पंचवीस ग्रॅम. पट्टा बारीक असला तर कॅम्पबेल, रुंद आणि गडद असला तर विंटर व्हाइट. पण या दोघांचा संकर सर्रास होतो, तेव्हा पट्ट्यावर पैज लावू नका. शेपूट नीट दिसत असेल आणि अंग सडपातळ असेल तर तो चायनीज. तो खरा ड्वार्फांच्या कुळातलाच नव्हे. फक्त आकारामुळे त्यांच्या पंगतीत बसवलेला.

४. केळीच्या जिल्ह्यात कॅम्पबेल पाळणं ही परीक्षाच. 1905 साली शास्त्रज्ञांच्या दप्तरी नोंदल्या गेलेल्या या जातीला मधुमेह पटकन जडतो. आणि आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा कौतुकाने केळ्याचा तुकडाच पुढे करतो! केळं नको, वेफर नको, दराबा मिठाईचा कणही नको. बाजरी, राळा, ज्वारी, काकडीची चकती, एवढं पुरे. एकाएकी पाणी फार पिऊ लागला आणि भुसा सारखा ओला दिसला तर पशुवैद्य गाठा. गावातले डॉक्टर गाई-शेळ्यांत मुरलेले. लहान प्राणी बघणारे शोधायला इंदूरकडे, म्हणजे पावणेदोनशे किलोमीटर जावं लागतं. हा खर्च आधीच धरून चाला. कॅम्पबेलचा एक गुण मात्र सांगायलाच हवा. यांच्यातले नर मादीच्या बाळंतपणात सुईणीसारखे मदत करताना अभ्यासकांनी पाहिले आहेत.

५. विंटर व्हाइट हिवाळ्यात पांढरा होईल म्हणून घेऊ नका. रंग बदलतो तो दिवस लहान होण्यामुळे, थंडीमुळे नव्हे. रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट जळणाऱ्या घरात त्याला हिवाळा कळणार कसा? स्वभावाने मात्र मला हाच सगळ्यांत शांत वाटला. थंडीच्या दिवसांत तो कधी काही तास गारठून निपचित पडतो. मेला समजून पुरायची घाई करू नका. ओंजळीत धरून हळूहळू ऊब द्या.

६. चायनीज चढण्यात पटाईत, म्हणून पिंजऱ्याचं झाकण घट्ट हवं. याच जातीच्या पेशींवर औषधउद्योग मोठा झाला. हार्ट अटॅकमध्ये रक्ताची गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज त्याच पेशींतून बनतं. माझ्या आईला हे सांगितलं, तेव्हापासून ती त्याला ‘उंदीर’ म्हणायची थांबली. त्याआधी तिचा एकच धोशा होता: “घरातल्या उंदरांना मारायला औषध आणायचं आणि बाहेरचा पैसे मोजून आणायचा, कसली ही तऱ्हा!”

७. लहान मुलांच्या हातात द्यायचा असेल तर रोबो नकोच. तो चपळ, बोटांतून पाऱ्यासारखा निसटतो आणि एकदा कपाटामागे गेला की गेलाच. रात्री त्याची धावपळ बघायला मात्र त्याच्यासारखा दुसरा नाही.

८. ‘जोडी घ्या, एकटा कंटाळेल’ हे दुकानदाराचं वाक्य. एकच घ्या. नर-मादी निघाली तर अठरा-वीस दिवसांत पिल्लं, आणि दोन नर निघाले तर रक्तबंबाळ कान.

९. खरेदी नोव्हेंबर ते जानेवारीत करा. एप्रिलनंतर खोक्यात घालून एसटीने किंवा रेल्वेने आणलेला प्राणी वाटेतच दगावू शकतो. दुकान नोंदणीकृत आहे का तेही विचारा. 2018 च्या पेट शॉप नियमांत हॅमस्टरही येतात. आणि जायचं ते संध्याकाळी. दुपारी सगळेच झोपलेले असतात, त्यामुळे आजारी कोणता आणि नुसता पेंगुळलेला कोणता ते कळत नाही.