मुक्काम रानात, पण पगार कुठून?

बारावीचा निकाल लागला की जानेफळ-मेहकर पट्ट्यातल्या घरांत तेच ते शब्द फिरत असतात: नीट, सीईटी, नर्सिंग, पोलीस भरती, अग्निवीर. अशा घरात एखादी मुलगी किंवा मुलगा म्हणाला, "मला लडाखला, जैसलमेरला लोकांना कॅम्पिंगला न्यायचं काम करायचंय," तर वडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "त्याच्यात पोट भरते काय?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर एका शब्दात देणाऱ्यापासून मात्र दोघांनीही सावध राहावं.

काम नेमकं काय असतं?

पुण्या-मुंबईचं एखादं कुटुंब किंवा मित्रांचा गट ठरवतो की हॉटेलं आणि गर्दी नको, आठ दिवस आपल्यापुरती खासगी सफर हवी. कोणी थरच्या वाळूत मुक्काम मागतं, कोणी स्पितीत, कोणी लडाखच्या चांगथांग पठारावर. मग गाडी, तंबू, स्वयंपाकी, खेचरं किंवा उंट, परवाने, पाणी, औषधं आणि या सगळ्याची मोट बांधणारा एक माणूस लागतो. त्याला ट्रेक लीडर, टूर लीडर किंवा कॅम्प मॅनेजर म्हणतात.

फोटोत त्याची शेकोटी दिसते. प्रत्यक्षात तो पहाटे सगळ्यांच्या आधी उठतो, कोणाला रात्री झोप लागली नाही याची चौकशी करतो, पाण्याचे कॅन मोजतो, ड्रायव्हरशी रस्त्याबद्दल बोलतो आणि हवा बिघडली तर ठरलेला कार्यक्रम मोडतो. पैसे भरून आलेल्या पाहुण्याला 'आज पुढे जायचं नाही' असं सांगणं हा या कामातला सर्वांत अवघड भाग आहे. भटकंतीची आवड हजारोंना असते. दहा अनोळखी माणसांची जबाबदारी आठ दिवस शांत डोक्याने पेलणं मोजक्यांना जमतं, आणि पगार त्याचाच मिळतो.

लेहचं उदाहरण घ्या. महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर कळसूबाई 1,646 मीटर आहे आणि लेह शहरच साधारण 3,500 मीटरवर. विमानाने थेट तिथे उतरलेल्या माणसाला विरळ हवेमुळे डोकेदुखी, मळमळ, धाप लागू शकते. दुर्लक्ष केलं तर फुप्फुसात किंवा मेंदूत सूज येऊन जीवावर बेततं. म्हणून पहिले दोन दिवस विश्रांती, पुढे 3,000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत 500 मीटरहून जास्त वाढवायची नाही आणि त्रास वाढला तर वाट न पाहता खाली आणायचं, हे नियम लीडरला पाठ असावे लागतात.

शिकायचं कुठे?

पदवी सोडू नका. मेहकरला, खामगावला किंवा जवळ जिथे प्रवेश मिळेल तिथे बी.ए., बी.एस्सी., बी.कॉम. काहीही करा. भूगोल, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र असेल तर उत्तमच. पर्यटन व्यवस्थापनच शिकायचं असेल, तर केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या ग्वाल्हेर इथल्या भारतीय पर्यटन आणि प्रवास व्यवस्थापन संस्थेत पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत.

पदवीच्या जोडीला गिर्यारोहणाचं प्रशिक्षण हवं. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट (1954) आणि उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट (1965) या जुन्या सरकारी संस्था. मनालीलाही अशी संस्था आहे. आधी साधारण चार आठवड्यांचा बेसिक कोर्स, त्यात 'ए' श्रेणी मिळाली तर ॲडव्हान्स आणि त्यानंतर प्रशिक्षक होण्यासाठीचा कोर्स, असा क्रम असतो. जागा कित्येक महिने आधी भरतात, त्यामुळे अर्ज वेळेत करा. महाविद्यालयात एनसीसी असेल तर जरूर घ्या. निवडक छात्रांना तिथून या कोर्सना पाठवलं जातं.

तिसरी गोष्ट प्रथमोपचार. दवाखाना तासाभरावर नसेल तेव्हा जखमी माणसाला कसं सांभाळायचं, याचे 'वाइल्डरनेस फर्स्ट एड'चे वेगळे कोर्स असतात. मसुरीच्या वुडस्टॉक स्कूलचं हनिफल सेंटर त्यासाठी ओळखलं जातं. नोकरी देणाऱ्याच्या नजरेत हे प्रमाणपत्र शिखरावरच्या फोटोपेक्षा जड भरतं.

पैशांचं गणित

या क्षेत्रात महिन्याचा पगार थोड्यांना आणि दिवसाचा मेहनताना बहुतेकांना मिळतो. सफरीच्या दिवसांत जेवण-राहणं कंपनीचं असतं. हिशेब करताना दिवसाचा दर पाहून हुरळू नका, वर्षात कामाचे दिवस किती ते विचारा. समजा, दिवसाला 1,500 रुपये ठरले आणि वर्षात 120 दिवस काम मिळालं, तर वर्षाचे 1,80,000 म्हणजे महिन्याचे 15,000 पडतात. हे आकडे फक्त हिशेब समजावा म्हणून धरलेत. तुमच्यापुढच्या नोकरीचे खरे आकडे घाला आणि घरात सगळ्यांनी मिळून गणित मांडा.

दिवस वाढवायचे तर हंगाम जोडावे लागतात. लडाख-स्पिती जून ते सप्टेंबर, थर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सह्याद्री पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत आणि मुलांची शिबिरं एप्रिल-मेमध्ये. शेतकरी घरांनी इथे एक गोष्ट आधीच बोलून घ्यावी: लडाखचा हंगाम आणि सोयाबीनचा हंगाम एकाच वेळी येतो. पेरणीपासून फवारणीपर्यंत घरात दोन हात कमी असणार.

काही वर्षं मैदानात काढली की मार्ग आखणं, सामान-माणसांची जुळवणी, सुरक्षा पाहणं, नव्यांना शिकवणं अशी बैठी आणि महिन्याच्या पगाराची कामं मिळू लागतात. गुडघे आयुष्यभर साथ देत नाहीत, तेव्हा तिशीनंतर काय करणार हा विचार विसाव्या वर्षीच करावा. पदवी सोडू नका म्हटलं ते यासाठीच.

आणखी एक वास्तव. लडाख, स्पितीत डोंगरातली वाट दाखवणारा गाइड बहुधा तिथलाच असतो आणि असायलाही हवा. नदी कधी फुगते हे त्यालाच कळतं. महाराष्ट्रातल्या तरुणाला जागा मिळते ती गटासोबत जाणाऱ्या लीडरची. मराठी पर्यटक मोठ्या संख्येने हिमालयात जातात, त्यामुळे उत्तम मराठी, कामचलाऊपेक्षा बरी हिंदी आणि निर्धास्त इंग्रजी हे भांडवल आहे. गावाकडच्या मुलांचं इंग्रजी इथेच अडतं. त्यावर आजपासून काम करा.

पालकांच्या मनातले प्रश्न

*धोका किती?* धोका आहे, आणि तो लपवणं बरोबर नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये द्रौपदी का डांडा शिखरावर हिमप्रपात होऊन नेहरू इन्स्टिट्यूटच्या प्रशिक्षणार्थींसह दोन डझनांहून अधिक जण गेले. जून 2024 मध्ये उत्तराखंडातल्या सहस्रताल मार्गावर वादळात सापडून कर्नाटकातले नऊ ट्रेकर दगावले. कॅम्पिंग सफारीत धोका अशा चढाईपेक्षा कमी असतो, पण शून्य नसतो. मुलाला 'जाऊ नको' म्हणण्याआधी तो ज्यांच्याकडे काम करणार त्यांना विचारा: विमा आहे का? एका लीडरमागे किती माणसं? ऑक्सिजन आणि संपर्काची सोय काय? सफर मधेच थांबवायचा अधिकार लीडरला आहे का? करार लेखी आहे का? महाराष्ट्रात काम करणाऱ्या संस्थेला पर्यटन संचालनालयाकडे केलेली नोंदणी दाखवायला सांगा. राज्याचं साहसी पर्यटन धोरण ऑगस्ट 2021 मध्ये आलं आहे. उत्तरं टाळणाऱ्याकडे मुलाला पाठवू नका.

*धंदा टिकेल का?* चढउतार येतात. ऑगस्ट 2018 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने तिथल्या बुग्याळांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली आणि अनेक गाजलेले ट्रेक एकदम अडचणीत आले. कोरोनात तर सगळंच थांबलं. एकाच प्रदेशावर आणि एकाच कंपनीवर विसंबू नये.

*मुलीला पाठवावं का?* कुटुंबं, शाळा आणि महिलांचे गट यांना महिला लीडर हव्याच असतात. बचेंद्री पाल यांचं उदाहरण घरात जरूर सांगा. एम.ए., बी.एड. झालेल्या मुलीने शिक्षिका व्हावं, असं नातेवाइकांचं म्हणणं होतं. त्या नेहरू इन्स्टिट्यूटमध्ये शिकल्या, 1984 मध्ये एव्हरेस्ट चढणाऱ्या पहिल्या भारतीय महिला झाल्या आणि पुढे टाटा स्टीलच्या साहस उपक्रमाची धुरा त्यांनी अनेक वर्षं सांभाळली. मुलींसाठी राहण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय, तक्रार कोणाकडे करायची हे मात्र आधी विचारून घ्या.

*आमचं पोरगं तर सपाटीवरचं.* मे 2018 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टवर पोचले. बर्फ न पाहिलेली मुलं निवड, सराव आणि शिस्तीने तिथवर गेली. उन्हात चालणं, पाणी वाहणं, जनावर हाताळणं, भंडाऱ्याला शे-दोनशे माणसांचं जेवण उरकणं हे गावातल्या मुलांना नवीन नसतं, आणि कॅम्पवर तेच रोज लागतं.

पैसे भरण्याआधीची परीक्षा

मोठा खर्च करण्याआधी वर्षभर स्वस्तात पारख करा. सुरुवात लोणारपासून. उल्केच्या आघाताने बेसॉल्टमध्ये तयार झालेलं, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाच्या विवरातलं आणि 2020 पासून रामसर यादीत असलेलं हे सरोवर बघायला परदेशातून अभ्यासक येतात. वनखात्याचे नियम पाळून आठ-दहा नातेवाईक, मित्रांना तिथे घेऊन जा. मंदिरं, पक्षी, खडक यांची माहिती द्या, पाणी कमी पडू न देता सगळ्यांना वेळेत परत आणा. त्यात एखादे आजोबा आणि एखादं हट्टी पोर असू द्या. पुढे नरनाळा, चिखलदऱ्याजवळचा गाविलगड करा. मेळघाटात गेलात तर तिथले कोरकू गाइड पाहुण्यांशी कसं बोलतात, कधी गप्प बसतात, ते बघा. मग यूथ हॉस्टेल्स असोसिएशनचा एखादा स्वस्त हिमालयीन ट्रेक किंवा जैसलमेरचं वाळवंटी शिबिर करा. शक्य झाल्यास एका संस्थेत सुट्टीत सहायक म्हणून राबा, भांडी घासण्यापासून.

वर्षाअखेरी दोन प्रश्न विचारा. मुलाने स्वतःला: लोकांची कुरकुर ऐकूनही दुसऱ्या दिवशी उत्साह टिकला का? पालकांनी: घरी उशिरा उठणारा हा तिथे सगळ्यांच्या आधी उठला का? दोन्ही उत्तरं 'हो' असतील तर बेसिक कोर्सचा अर्ज भरा. 'नाही' आलं तर वर्षभरात चांगली भटकंती झाली, पदवीचं एक वर्ष पुढे सरकलं आणि छंद म्हणून डोंगर कायमचा मिळाला. तोट्यात कोणीच राहत नाही.