दवाखाना कमावतो कशातून? रुग्णाने विचारायचे पाच प्रश्न



मोठी रुग्णालये, विमा कंपन्या आणि तपासणी केंद्रे आता सल्लागार नेमतात. पैसे दर तपासणीमागे घ्यायचे, ठोक पॅकेजमध्ये घ्यायचे, वर्षाच्या कार्डावर घ्यायचे की सरकारी ठेक्यातून मिळवायचे, हे ते ठरवून देतात. रुग्णाच्या बाजूने असा हिशेब मांडणारे कोणी नसते. तो हिशेब आज आपण शिकू.

आम्ही परिचारिका म्हणून वॉर्डात काम केले, आता वस्त्यांत करतो. दोन्हीकडे एकच गोष्ट दिसली: दवाखान्याला ज्या कामाचे पैसे मिळतात, ते काम तिथे जास्त होते. डॉक्टर चांगला की वाईट, एवढाच हा प्रश्न नाही. म्हणून आजार कोणता हे विचारताना पैसे कोण देणार, हेही विचारले पाहिजे.

१. पगारावर चालणारा दवाखाना

डहाणू आणि कासा येथील उपजिल्हा रुग्णालये, तलासरीचे ग्रामीण रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्रे. इथे डॉक्टर-नर्स पगारावर असतात. सलाईन लावली काय, न लावली काय, पगार तोच. त्यामुळे विनाकारण ऑपरेशनची भीती कमी. अडचण वेगळी असते: तज्ज्ञ जागेवर नसला की "पुढे घेऊन जा" असे उत्तर मिळते.

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. बाळंतपणासाठी २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. त्यात सिझेरियन, औषधे, रक्त, जेवण आणि घरापर्यंतचा प्रवास मोफत मिळतो. पुढे पाठवत असतील तर संदर्भ चिठ्ठी लिहून घ्या आणि १०८ मागा. १०८ ची सेवा राज्यात २०१४ पासून खासगी कंपनीच्या ठेक्यावर चालते, पण तिचे पैसे सरकार देते. गाडीवर नाव कोणाचेही असो, रुग्णाने भाडे द्यायचे नसते.

२. कामागणिक पैसे

बहुतेक खासगी दवाखाने असे चालतात. इंजेक्शनचे वेगळे, सोनोग्राफीचे वेगळे, खाटेचे वेगळे. जितके काम, तितके बिल.

याचा धोका बीडने दाखवला. २०१९ मध्ये शासनाने नेमलेल्या समितीने तिथल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यातल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते, म्हणजे साधारण सहा जणींत एक. दुखणे होते, खाडा झाला की मजुरी बुडण्याची आणि दंडाची भीती होती. त्यात ऑपरेशन झाले तरच पैसे मिळणार, हे दवाखान्याचे गणितही होते.

दुसरा धोका कटचा. रुग्ण पाठवणाऱ्याला तपासणी केंद्र टक्का देते आणि तो रुग्णाच्या बिलातून निघतो. विंचूदंशावरील कामासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांना २०१३ मध्ये असाच १,२०० रुपयांचा धनादेश आला. त्यांनी तो परत केला आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केली.

तेव्हा ऑपरेशन सांगितले की विचारा: आज केले नाही तर काय होईल? औषधाने किती दिवस वाट पाहता येईल? जिवाला तातडीचा धोका नसेल तर सरकारी रुग्णालयात दुसरे मत घ्या. २०२१ च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयाने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. आत शिरताच ती शोधा.

३. ठोक पॅकेज

महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना या पद्धतीची. २०१२ मध्ये ती राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून सुरू झाली, २०१७ मध्ये नाव बदलले. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने राज्यातील सर्व कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण ठरले. त्या वेळी यादीत १,३५६ उपचार होते. यादी बदलत असते.

इथे रुग्णालयाला एका आजाराची ठरलेली रक्कम मिळते. खर्च कमी झाला तर उरलेले पैसे रुग्णालयाचे. त्यामुळे रुग्णाला लवकर घरी पाठवण्याचा किंवा "हे योजनेत बसत नाही, बाहेरून आणा" म्हणण्याचा मोह होतो. लक्षात ठेवा, पॅकेजमध्ये तपासण्या, औषधे, जेवण आणि घरी सोडल्यावर १० दिवसांपर्यंतची औषधे धरलेली असतात. कोणी वरून पैसे मागितले तर देण्याआधी आरोग्यमित्राला भेटा किंवा १५५३८८ वर फोन करा. दिलेल्या पैशाची पावती घ्याच.

आपल्या भागासाठी खास सूचना. तलासरीहून वापी, वलसाड, सिल्वासा जवळ पडते म्हणून रुग्ण तिकडे नेला जातो. केंद्राच्या यादीतील कुटुंबांचे आयुष्मान कार्ड देशभर चालते. राज्य योजनेचा लाभ सीमेपलीकडे मिळेलच असे धरून चालू नका. आपले कार्ड कोणते, हे आजच १४५५५ वर विचारून ठेवा. रात्री दोन वाजता रुग्ण गाडीत असताना ही चौकशी होत नाही. घरात ७० वर्षांवरील कोणी असेल तर त्यांचे आयुष्मान कार्ड वेगळे काढा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून त्याला उत्पन्नाची अट नाही.

४. वर्गणी आणि कार्ड

ईएसआय ही वर्गणीचीच पद्धत आहे. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये प्रा. अदारकर यांना कामगार आरोग्य विम्याचा आराखडा करण्यासाठी नेमले गेले. त्यातून १९४८ चा कायदा आला. डहाणूच्या फुग्यांच्या कारखान्यात, उंबरगाव किंवा तारापूरच्या कंपनीत आपली मुले-मुली कामाला जातात. जिथे ईएसआय लागू आहे तिथे २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचे ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. १२,००० पगारावर कामगाराचे ९० रुपये, मालकाचे ३९०. त्यात घरच्यांचाही उपचार होतो. पगाराच्या चिठ्ठीवर कपात दिसते का, ते पाहा. ठेकेदाराकडे काम असले तरी विचारा.

वस्तीत येऊन काही जण जे "हेल्थ कार्ड" विकतात, ते बहुधा फक्त सवलतीचे असते. सवलत म्हणजे विमा नव्हे. बिल आपल्यालाच भरायचे असते. मोफत शिबिरात जरूर जा, पण तिथून लगेच ऑपरेशनसाठी गाडीत बसू नका.

५. धर्मादाय रुग्णालय

मुंबईला पाठवले तर हे कामी येते. विश्वस्त संस्थांच्या रुग्णालयांना करसवलती मिळतात. त्या बदल्यात १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. उत्पन्न मर्यादा अनुक्रमे १,८०,००० आणि ३,६०,००० रुपये. तहसीलदाराचा उत्पन्न दाखला किंवा रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवकाला भेटा.

दाखल होण्याआधीचे पाच प्रश्न

१. या उपचाराचे पैसे कोण देणार: सरकार, विमा, ईएसआय की आम्ही?
२. हे रुग्णालय योजनेत आहे का? आरोग्यमित्र कुठे बसतो?
३. हा उपचार आजच का? थांबलो तर काय होईल?
४. एकूण खर्च लिहून द्याल का?
५. केसपेपर आणि रिपोर्टच्या प्रती कधी मिळतील? (मागितल्यापासून ७२ तासांत मिळाल्या पाहिजेत.)

अपघात, साप, जोराचा रक्तस्राव, छातीत दुखणे, बाळंतपणाच्या कळा यांत प्रश्न विचारत थांबू नका. आधी १०८, मग कागद.

आधार, रेशनकार्ड, आयुष्मान कार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि जुने रिपोर्ट एका पिशवीत ठेवा आणि ती कुठे आहे हे घरातल्या सगळ्यांना सांगा. वर्षावासात विहारात बसाल तेव्हा एक दिवस सर्वांनी आपापली पिशवी घेऊन या आणि एकमेकींचे कागद तपासा. उपचारासाठी काढलेले कर्ज आजार बरा झाल्यावरही फिटत नाही. त्यातले पुष्कळ कर्ज वेळीच विचारलेल्या एका प्रश्नाने टळू शकते.