आधी ट्रॅपमधलं पाणी बघा, मग चेंबर

मोरीतून गटाराचा वास आला की आपल्याकडे आधी फिनेल ओततात आणि मग चेंबर साफ करणाऱ्याला बोलावतात. माझ्या मते हा क्रम चुकतो. वास येतो तेव्हा गटारातल्या हवेला घरात शिरायला वाट मिळालेली असते; घाण तुंबलेली असेलच असं नाही. ही हवा अडवायला मोरीच्या जाळीखालच्या प्रत्येक नाणी ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर पाणी उभं असतं. म्हणून पहिला प्रश्न हाच, की ते पाणी कुठे गेलं? पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येतं, त्यामुळे ड्राय बाल्कनी धुणं मागे पडतं आणि तिथला ट्रॅप सुकतो. दिवाळीला कामगार गावी गेले की चाकण, निघोजे, म्हाळुंगेतल्या बंद खोल्यांतही तेच होतं. अशा वेळी तांब्याभर पाणी ओतलं की वास थांबतो.

पाणी ओतूनही काही तासांत ट्रॅप रिकामा झाला, वरच्या मजल्यावरचा फ्लश ओढल्यावर जाळीतून गुडगुड आवाज आला, तर मात्र गच्चीवर जायला हवं. उभ्या पाइपातून वेगाने उतरणारं पाणी मागे हवा ओढतं. ती हवा गच्चीवर उघडणाऱ्या व्हेंट पाइपातून मिळाली नाही, तर ट्रॅपमधलं पाणीच ओढलं जातं. व्हेंटच्या तोंडावरची टोपी उडालेली असते, आत कबुतराचं घरटं असतं, किंवा गच्चीवर पत्र्याची शेड टाकताना पाइप छताखालीच राहिलेला असतो. शेडखाली कोंडलेला वास मग जिन्यातून खाली उतरतो. तिथे पाइप पत्र्याच्या वर काढणं हाच उपाय. बेसिनखालचा लवचीक पाइप ट्रॅपशिवाय थेट भिंतीतल्या भोकात घुसवलेला आहे का, तेही बघावं. तसा असेल तर बॉटल ट्रॅप बसवावा आणि भोकाभोवतीची फट बुजवावी.

कुणी म्हणेल, वास व्हेंटमधूनच येतो, मग त्याचं तोंडच बंद करू. तसं केलं तर वास गच्चीवरून घराघरांत येईल, कारण श्वास कोंडलेली लाइन प्रत्येक ट्रॅप ओढून घेईल. चेंबर तुंबतच नाही का? तुंबतो, पण मग तळमजल्यावर पाणी सावकाश उतरतं किंवा उलटं वर येतं. पाणी झरझर जात असेल, तर चेंबर उघडण्याची घाई नको. चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस तर मुळीच उतरवू नये. सुरक्षा साधनांशिवाय तसं करायला २०१३ च्या मैलासफाईबंदी कायद्याने मनाई आहे.

नुसता वास तर आहे, त्याने काय होतंय, ही समजूत सगळ्यांत घातक. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमोय गार्डन्स वसाहतीत सार्सची लागण ३०० हून अधिक रहिवाशांना झाली. तपासात सुकलेले ट्रॅप आणि त्यांतून दूषित हवा खेचणारे बाथरूममधले पंखे यांवर बोट ठेवलं गेलं. तुमच्याकडेही दार लावून एक्झॉस्ट फॅन सुरू केल्यावर वास वाढला, तर हवा ट्रॅपमधून खेचली जाते आहे असं समजा. गटाराच्या हवेतला हायड्रोजन सल्फाइड जास्त प्रमाणात असला तर नाकच बधिर होतं, त्यामुळे वास थांबला म्हणजे धोका टळला असं मानू नये. सोसायट्यांनी चेंबरसफाईचं बिल मंजूर करण्याआधी दोन नोंदी मागाव्यात: कोणत्या घरातल्या ट्रॅपचं पाणी किती वेळात गेलं, आणि गच्चीवरचं व्हेंटचं तोंड कुणी, कधी पाहिलं.