लाहुरे : परक्या देशाच्या सैन्यात जाणारी मुलं आणि सहीआधीचं वाचन



आपल्याकडे 'गुरखा' म्हटलं की मुलांना रात्री काठी आपटत, शिट्टी वाजवत फिरणारा पहारेकरी आठवतो. खरं तर हा शब्द नेपाळमधल्या गोरखा या जुन्या राज्याच्या नावावरून आला. आज गोरखा सैनिक दोन परक्या देशांच्या लष्करात आहेत. एक ब्रिटन, आणि दुसरा? हा प्रश्न वर्गात विचारून बघा. उत्तर आहे भारत! आपलं सैन्य हेसुद्धा कुणासाठी तरी परदेशी सैन्य आहे, हे ऐकून मुलं विचारात पडतात.

तरुण मुलगा दुसऱ्या देशाच्या सैन्यात का जातो, कसा जातो आणि जाण्याआधी त्याने काय बघायला हवं, हे आज नेपाळच्या उदाहरणावरून पाहू. पाचवीच्या पुढच्या मुलांना इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र एकत्र शिकवायला हा विषय छान आहे. आणि ज्यांच्या घरातली मुलं पहाटे उठून भरतीसाठी धावतात, त्या पालकांनी तर शेवटपर्यंत वाचावं.

१) 'लाहुरे' म्हणजे कोण?

परदेशी फौजेत नोकरी करणाऱ्याला नेपाळी भाषेत 'लाहुरे' म्हणतात. हा शब्द आला लाहोरवरून. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेपाळी तरुण महाराजा रणजितसिंहांच्या सैन्यात भरती व्हायला लाहोरला जात. लाहोरला जातो तो लाहुरे. पुढे लाहोरचा संबंध उरला नाही, पण शब्द राहिला.

यातलं एक नाव मुलांना नक्की सांगा : बलभद्र कुंवर. १८१४ मध्ये इंग्रज आणि नेपाळ यांच्यात युद्ध सुरू झालं. डेहराडूनजवळच्या नालापानी किल्ल्यावर बलभद्रांनी मूठभर लोकांनिशी इंग्रजी फौज आठवडे न् आठवडे अडवून धरली. इंग्रजांचा सेनापती जिलेस्पी तिथेच मारला गेला. नेपाळमध्ये बलभद्रांना आजही राष्ट्रीय वीर मानतात. हाच वीर पुढे लाहोर दरबारच्या फौजेत गेला आणि १८२३ मध्ये नौशेराच्या लढाईत अफगाणांशी लढताना पडला. देशासाठी लढलेला माणूस परक्या राजासाठी लढताना गेला. देशभक्त आणि लाहुरे, दोन्ही एकाच माणसात! म्हणून 'बाहेरच्या सैन्यात गेला म्हणजे देशाशी गद्दारी केली' असा सरळ हिशेब मांडता येत नाही.

२) भरती करारावर कशी आली?

त्या युद्धात शत्रूचं शौर्य बघून इंग्रजांनी १८१५ पासूनच गोरखा पलटणी उभ्या करायला सुरुवात केली. १८१६ मध्ये सुगौलीचा तह लागू झाला, आणि काल समोरून लढलेले लोक आज एकाच छावणीत आले. पहिल्या महायुद्धात सुमारे दोन लाख गोरखा ब्रिटिशांच्या बाजूने लढले.

१९४७ मध्ये भारत स्वतंत्र झाला तेव्हा गोरख्यांच्या दहा रेजिमेंट होत्या. त्यांचं करायचं काय? ९ नोव्हेंबर १९४७ ला नेपाळ, भारत आणि ब्रिटन यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. सहा रेजिमेंट भारताकडे राहिल्या, चार ब्रिटनकडे गेल्या. आपले फील्ड मार्शल माणेकशा आठव्या गोरखा रायफल्सचे. 'सॅम बहादूर' हे नाव तिथूनच त्यांना चिकटलं.

इथे मुलांना 'भाडोत्री सैनिक' आणि 'परदेशी सैन्यातला नियमित सैनिक' यातला फरक सांगा. १९७७ च्या जिनिव्हा करारांच्या जोड मसुद्यात भाडोत्री सैनिकाची व्याख्या आहे. भाडोत्री ठरलेला माणूस शत्रूच्या हाती लागला तर त्याला युद्धकैद्याचे हक्क मिळत नाहीत. जो एखाद्या देशाच्या अधिकृत सैन्याचा भाग आहे तो या व्याख्येत बसत नाही. गोरखा सैनिक पगारासाठी जात असला तरी तो अधिकृत सैनिक आहे. त्याला गणवेश आहे, सेवा क्रमांक आहे आणि पाठीमागे तीन सरकारांचा कागद आहे.

३) पोखऱ्याची परीक्षा

ब्रिटिश सैन्याची निवड नेपाळमध्ये पोखरा इथे होते. दरवर्षी हजारो मुलं येतात, निवड होते काही शेकड्यांची. सगळ्यांत प्रसिद्ध चाचणी 'डोको' शर्यतीची. डोको म्हणजे डोंगरी लोक ओझं वाहायला वापरतात ती बांबूची निमुळती टोपली. तिचा पट्टा कपाळावर येतो. वाळूने भरलेली डोको पाठीवर घेऊन सुमारे पाच किलोमीटरचा चढ ठरावीक वेळेत पळत चढायचा.

पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. या निवडीत इंग्रजीची आणि गणिताचीही परीक्षा असते! पाय कितीही मजबूत असले तरी वाचता-लिहिता येत नसेल तर घरी परत. 'मला फौजेत जायचंय, अभ्यास कशाला?' म्हणणाऱ्या मुलाला हे जरूर सांगावं.

एवढी धडपड कशासाठी? डोंगरातली थोडीशी शेती, गावात रोजगार नाही. एका मुलाच्या पगारावर धाकट्यांचं शिक्षण होतं, घर उभं राहतं, आणि म्हातारपणी पेन्शन. भारतीय सैन्यातून निवृत्त झालेल्यांसाठी काठमांडू, पोखरा आणि धरान इथे आपल्या सरकारची पेन्शन कार्यालयं आहेत.

४) करार असूनही झगडा

दुरून डोंगर साजरे म्हणतात ते इथेही खरं. ब्रिटिश गोरख्यांना कितीतरी वर्षं ब्रिटिश सैनिकांपेक्षा खूप कमी पेन्शन मिळायची. १ जुलै १९९७ च्या आधी निवृत्त झालेले आणि नंतरचे असा भेद पडला. जुन्या सैनिकांना ब्रिटनमध्ये स्थायिक व्हायचा हक्क मिळाला तो २००९ मध्ये, मोठ्या जनआंदोलनानंतर. पेन्शनचं गाऱ्हाणं तरीही राहिलंच. २०२१ मध्ये माजी सैनिक लंडनमध्ये पंतप्रधानांच्या निवासाबाहेर तेरा दिवस उपोषणाला बसले होते.

आपल्या बाजूलाही बदल झाला. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची सेवा आणि त्यानंतर चारांतल्या एकालाच पुढे कायम. नेपाळचं म्हणणं पडलं की हे १९४७ च्या करारात बसत नाही. तिथली भरती थांबली. ज्या मुलांनी त्याच भरतीसाठी वर्षानुवर्षं तयारी केली होती, त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला : आता कुठे जायचं?

५) दुसरी वाट : एजंटची

युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर रशियाने आपल्या सैन्यात करारावर येणाऱ्या परदेशी लोकांना नागरिकत्व मिळणं सोपं केलं. नेपाळी तरुण विद्यार्थी किंवा पर्यटक व्हिसावर तिकडे पोचले. डिसेंबर २०२३ मध्ये नेपाळ सरकारने सहा जण मारले गेल्याचं जाहीर केलं आणि पुढच्याच महिन्यात रशिया-युक्रेनसाठीचे कामाचे परवाने बंद केले.

आपली मुलंही यात अडकली. मदतनीसाची, सुरक्षारक्षकाची नोकरी आहे असं सांगून एजंटांनी त्यांना नेलं, आणि तिथे गेल्यावर हातात बंदूक आली. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने अशी टोळी उघडकीस आणली. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने दिलेल्या माहितीनुसार रशियन सैन्यात १२६ भारतीय गेल्याचं समोर आलं होतं. त्यातले ९६ परतले, १२ मारले गेले आणि १६ जण बेपत्ता होते. हे आकडे वाचताना प्रत्येक आकड्यामागे एक आई आहे हे विसरू नका.

यातल्या अनेकांनी सही केलेला करार रशियन भाषेत होता. म्हणजे सही करणाऱ्याला त्यातलं एक अक्षरही कळत नव्हतं.

६) सहीआधीचे पाच प्रश्न

घरातल्या मोठ्या मुलांसोबत हे जरूर बोला. परदेशातल्या कुठल्याही नोकरीला हे लागू आहेत.

• बोलावतंय कोण? दोन सरकारांचा करार आहे की मोबाइलवर भेटलेला एजंट?
• व्हिसा कशाचा आणि काम कशाचं? दोन्ही जुळत नसतील तर तिथेच थांबा.
• करार कुठल्या भाषेत आहे? मला तो वाचून समजला का?
• नको वाटलं तर परत येता येईल का? पासपोर्ट कुणाकडे राहणार?
• माझं काही बरंवाईट झालं तर घरच्यांना कोण, काय आणि कुठल्या कार्यालयातून देणार?

गोरखा तरुणाला या प्रश्नांची उत्तरं बहुतेक मिळतात. त्याच्या आजोबांनी पेन्शनसाठी भांडण केलं, कारण भांडायला हातात कागद होता आणि दार ठोठवायला सरकार होतं. एजंटबरोबर गेलेल्याच्या घरच्यांना दार कुठलं ठोठवायचं तेच कळत नाही.

७) वर्गात काय घ्याल?

• नकाशात गोरखा, पोखरा, डेहराडून, लाहोर आणि लंडन शोधायला लावा. लाहुरेंचा प्रवास रेघेने जोडा.
• 'बलभद्र कुंवर लाहोरला गेले ते बरोबर केलं का?' यावर दोन गट पाडून चर्चा घ्या. निकाल देऊ नका, कारणं मात्र मागा.
• बँकेचा किंवा पोस्टाचा खरा कोरा फॉर्म आणा. मुलांना तो ओळीने वाचू द्या. 'न कळलेल्या शब्दाखाली रेघ मारा आणि विचारा' एवढाच नियम. वर्षातून दोन-तीनदा घ्या, सवय लागते.

आपल्या वर्गातला कोण पुढे कुठे जाईल हे आपण सांगू शकत नाही. कुणी भरतीत जाईल, कुणी आखातात, कुणी आणखी लांब. जाऊ द्या, जगात फिरायलाच हवं. पण समोर कागद आला की 'आधी वाचतो, मग सही करतो' म्हणायचं धाडस त्याच्यात असायला हवं. वाचन शिकवायचं काम आपल्याकडे आहे, आणि ते पहिलीपासूनच सुरू होतं.

हा उपक्रम वर्गात घेतलात तर मुलांनी काय प्रश्न विचारले ते नक्की कळवा.