लॉजिकसाठी मॅक घ्यावा का?

चि. मनू,

तुझं पत्र पोचलं. लॉजिक प्रो हे संगीताचं सॉफ्टवेअर वापरता यावं म्हणून मॅक मिनी घ्यायचा तुझा विचार आहे. घरातल्या आठ जीबी रॅमच्या विंडोज लॅपटॉपवर ते चालत नाही, म्हणून गाण्यांचं काम सुरूच होत नाही, असं तू लिहितेस. माझं मत आधी सांगतो, कारणं मग. एवढ्यात घेऊ नकोस. संगीतासाठी वेगळा संगणक घेण्यात गैर काहीच नाही. पण तो कधी घ्यायचा, हे सॉफ्टवेअरच्या नावावरून ठरवायचं नसतं. आपलं काम नेमकं कुठे अडतं ते पाहून ठरवायचं असतं. तू अजून त्या लॅपटॉपवर एकही गाणं शेवटपर्यंत नेलेलं नाहीस, त्यामुळे कुठे अडतं हे तुलाही ठाऊक नाही आणि मलाही नाही.

लॉजिक फक्त मॅकवरच का चालतं, याचं कारण संगीतात शोधू नकोस. ते ईमॅजिक नावाच्या जर्मन कंपनीचं सॉफ्टवेअर होतं आणि विंडोजवरही चालायचं. 2002 मध्ये ॲपलने ती कंपनी विकत घेतली आणि विंडोजची आवृत्ती बंद केली. तो धंद्याचा निर्णय होता. असंच 2017 मध्ये गिब्सन कंपनीने केकवॉक या दुसऱ्या संगीत-सॉफ्टवेअरचं काम थांबवलं आणि पुढच्या वर्षी बँडलॅबने ते विकत घेतलं, तोवर वापरणारे अधांतरी राहिले. म्हणून एका सॉफ्टवेअरवर जीव जडवू नये. गाणं पूर्ण झालं की प्रत्येक ट्रॅक पहिल्या क्षणापासून सलग वेव्ह फाइल म्हणून काढून ठेवावा. ती फाइल कुठेही उघडते. ध्वनिमुद्रण, कापाकापी, मांडणी आणि मिक्सिंग ही कामं सगळीच सॉफ्टवेअरं करतात. रीपर घे. ते विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, साठ दिवस पूर्ण स्वरूपात वापरून पाहता येतं आणि वैयक्तिक वापराचा परवाना 60 डॉलरला मिळतो. लॉजिकची खरी श्रीमंती त्याच्यासोबत येणाऱ्या वाद्यांच्या आणि लूप्सच्या साठ्यात आहे, हे मी मान्य करतो. पण तुझं गाणं गळा, पेटी आणि तबला यांच्यावर उभं आहे. ही तिन्ही माणसांनी वाजवायची, मायक्रोफोनने टिपायची. मागे हलकी व्हायोलिनं हवी असतील तर तेवढे वाद्यसंच मोफतही मिळतात.

गाताना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागून येतो, म्हणून लॅपटॉप कुचकामी आहे, असं तुझं म्हणणं. ही तक्रार खरी आहे, पण दोष दुसरीकडे आहे. संगणक आवाज थेंबाथेंबाने घेत नाही, घोट भरून घेतो. त्या घोटाला बफर म्हणतात. सेकंदाला 44,100 नमुने घेतले जात असतील आणि बफर 128 नमुन्यांचा असेल, तर एक घोट भरायला सुमारे 3 मिलिसेकंद लागतात. 512 चा असेल तर जवळपास 12, आणि 1024 चा असेल तर 23. आत येताना एक आणि बाहेर जाताना एक, म्हणून उशीर साधारण दुप्पट होतो. आता हवेतला हिशेब बघ. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे 34 सेंटिमीटर जातो. तुझ्यापासून दीड मीटरवर बसलेल्या तबलजीची थाप तुझ्या कानी चार मिलिसेकंदांहून जास्त उशिरा पोचते आणि तरी तुम्ही दोघं लयीत असता. म्हणजे थोडा उशीर माणसाला चालतो. पण स्वतःचा आवाज हाडांमधून तत्क्षणी ऐकू येत असतो, त्यावर हेडफोनमधला उशिराचा आवाज चढला की गाणारा गोंधळतो. यावरचा उपाय मायक्रोफोन संगणकाला जोडणाऱ्या उपकरणात, म्हणजे ऑडिओ इंटरफेसमध्ये असतो. डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण दाबलं की मायक्रोफोनचा आवाज संगणकात जाण्याआधीच हेडफोनकडे वळतो आणि बफर कितीही मोठा असला तरी गाताना उशीर जाणवत नाही. शिवाय इंटरफेससोबत त्याचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर येतो. लॅपटॉपच्या अंगच्या साउंड ड्रायव्हरमुळे होणारी खरखरही बहुधा त्याने जाते. मिडी कीबोर्डवर सॉफ्टवेअरमधलं वाद्य वाजवताना मात्र हे बटण कामाचं नाही. तिथे बफर लहानच हवा आणि वेगवान संगणकाचा खरा फरक तिथे दिसतो. तुझ्या कामात असं वादन किती असेल, हे आधी पाहा.

लॅपटॉपला अनेक ट्रॅक झेपतील का, ही भीतीही आकड्यांनी मोजून बघ. 24 बिट, 48 किलोहर्ट्‌झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला सुमारे 8.6 एमबी जागा घेतो. सहा मिनिटांच्या गाण्याचे आठ ट्रॅक म्हणजे सव्वाचारशे एमबीच्या आत-बाहेर. हे ओझं नव्हेच. ओझं असतं ते रिव्हर्बसारख्या प्लगइनांचं आणि वाद्यसंचांचं. त्यासाठी ट्रॅक फ्रीझ करण्याची सोय असते. त्या ट्रॅकचा तयार आवाज फाइलमध्ये उतरतो आणि प्रोसेसर मोकळा होतो. रॅम कमी पडली तर लॅपटॉपच्या खालच्या झाकणात जादा रॅमसाठी जागा आहे का, ते दुरुस्तीवाल्याकडून बघून घे. बऱ्याच लॅपटॉपमध्ये असते.

नावाजलेले लोक मॅकवरच काम करतात, असं तू म्हणशील आणि बिली आयलिशचं उदाहरण देशील. तिचा पहिला अल्बम भाऊ फिनीअसने घरातल्या झोपायच्या खोलीत लॉजिकवर घडवला आणि 2020 मध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी मिळाला. हे खरंच आहे. पण त्याच काळातलं दुसरं उदाहरण घे. केंड्रिक लामारच्या 2017 च्या अल्बममधल्या एका गाण्याचं संगीत स्टीव्ह लेसीने आयफोनवरच्या गॅरेजबँडमध्ये रचलं. दोघांकडे साधनं वेगवेगळी होती. सारखं होतं ते हातातल्या साधनाची पक्की ओळख आणि चाल सुचल्यापासून गाणं पुरं होईपर्यंत त्याच्याशी राहणं. ती ओळख तू अजून कुठल्याच सॉफ्टवेअरशी केलेली नाहीस. नवं यंत्र घेतलंस तर पहिले काही महिने यंत्र शिकण्यातच जातील.

ऑक्टोबर 2024 मध्ये आलेल्या मॅक मिनीची भारतातली किंमत 59,900 रुपयांपासून सुरू झाली. त्यात पडदा, कीबोर्ड, माउस यांपैकी काही नाही. लॉजिकचे पैसे वेगळे आणि इंटरफेस तर तिथेही लागेलच. त्या रकमेच्या लहानशा भागात दोन इनपुटांचा इंटरफेस, एक बरा मायक्रोफोन आणि पाठ बंद असलेले हेडफोन येतात. त्याहून आधी खोलीकडे बघ. उघड्या भिंती आणि फरशी असलेल्या खोलीचा घुमारा एकदा आवाजात मिसळला की कुठल्याही सॉफ्टवेअरने तो नीट निघत नाही. भिंतींवर गोधड्या टांग, कपड्यांनी भरलेलं कपाट पाठीशी घे, पंखा बंद कर आणि पावसाळ्यात पत्र्यावर सर वाजत असेल तर सरळ थांब. या कामाला जवळजवळ पैसे लागत नाहीत आणि फरक कानाला लगेच कळतो.

तुझा एक मुद्दा मला मनापासून पटतो. अभ्यासाचा संगणक आणि गाण्याचा संगणक एक असला की अपडेट, सूचना आणि परीक्षेच्या फायली मध्ये येतात. एकदा बसवून मग न हलवलेला संगणक ही संगीतात मोठी सोय आहे. तोवर विंडोजमध्ये गाण्यासाठी वेगळं युजर खातं कर आणि काम करताना वायफाय बंद ठेव. एवढ्याने बरंच साधेल, सगळं नाही. एक गाणं असं पूर्ण कर. फ्रीझ करून, बफर वाढवूनही मिक्स अडखळत असेल, कीबोर्डवर वाजवणं अशक्य होत असेल किंवा तुझ्याबरोबर नेमाने काम करणारा कुणी लॉजिकचेच प्रकल्प पाठवत असेल, तर जरूर मॅक घे. मी अर्धे पैसे घालीन. त्या वेळी इंटेल प्रोसेसरचा जुना मॅक स्वस्तात मिळाला तरी घेऊ नकोस, कारण त्यांना मिळणाऱ्या नव्या मॅकओएसमध्ये टाहो ही शेवटची आवृत्ती, असं ॲपलने जून 2025 मध्ये जाहीर केलं आहे. नव्या मॅकमध्ये रॅम मागून वाढवता येत नाही, म्हणून सोळा जीबीच्या खाली जाऊ नकोस. अंतर्गत साठवण कमी असली तरी चालेल, वाद्यसंच बाहेरच्या एसएसडीवर ठेवता येतात.

तुझा,
मामा