मोटारीचा धूर : एक प्रयोगपाठ
(इयत्ता पाचवी, परिसर अभ्यास)

हवेचे प्रदूषण हा मोठ्या शहरांचा प्रश्न, अशी समजूत आपल्या विद्यार्थ्यांत रूढ आहे. परंतु केंद्र शासनाने 2019 साली हाती घेतलेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात मुंबई-पुण्याबरोबर आपल्या मराठवाड्यातील जालना व लातूर ही शहरेही आहेत. गंगाखेडच्या बसस्थानकापाशी उभ्या राहणाऱ्या मुलासही मोटारीचा धूर चुकत नाही. म्हणून हा पाठ केवळ पुस्तकातून न शिकविता परिसरातून शिकवावा.

साहित्य : तीन पांढरी जाड कार्डे, व्हॅसलीन, भिंग, पट्टी, सुतळी.

कृती : प्रत्येक कार्डावर 1 सेंटिमीटर बाजूचा चौरस आखून व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा. एक कार्ड रहदारीच्या रस्त्यालगत, दुसरे शाळेच्या आवारात व तिसरे गोदाकाठी, मुलांच्या नाकाच्या उंचीवर, एकाच दिवशी व सारखाच वेळ बांधावे. रस्त्यालगतचे कार्ड शिक्षकाने स्वतः बांधावे. नंतर चौरसातील कण मुलांकडून भिंगातून मोजवून कोष्टक करवून घ्यावे. प्रयोग निरनिराळ्या तीन दिवशी करावा. कारण वारा व शेतातील धूळ यांमुळे एका दिवसाचा निष्कर्ष फसवा ठरतो.

स्पष्टीकरण : कार्डावर दिसते ती मुख्यतः जाड धूळ, ती बरीचशी नाकातच अडते. धुरातील अधिक घातक कण 2.5 मायक्रॉन वा त्याहून लहान असून ते फुप्फुसांत खोलवर जातात. 1 मिलिमीटर म्हणजे 1000 मायक्रॉन. असे दोन कण मिळून 5 मायक्रॉन होतात, तर 1 मिलिमीटर भरण्यास किती कण ओळीने ठेवावे लागतील, हे उदाहरण मुलांस घालावे. उत्तर 400 येते. ‘कार्ड स्वच्छ, म्हणून हवा शुद्ध’ असे अनुमान कोणी काढल्यास ते या उदाहरणाने दुरुस्त करावे.

उपयोजन : मूल उंचीने लहान, म्हणून त्याचे नाक धुराच्या नळीस जवळ; शिवाय वजनाच्या मानाने ते प्रौढाहून अधिक हवा आत घेते. 1 एप्रिल 2020 पासून नव्या वाहनांस भारत स्टेज सहा ही कडक मानके लागू झाली; तथापि जुनी वाहनेही रस्त्यावर आहेतच. यास्तव शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या वाहनाचे इंजिन बंद ठेवावे, असा ठराव बालसभेत मुलांकडून करवून घ्यावा व पालकसभेत तो मुलांनीच वाचून दाखवावा. त्याचे पालन मात्र शिक्षकांनी प्रथम आपल्या मोटारसायकलीपासून सुरू करावे.